प्रश्न विचारणारं दशक

२०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांत पाऊस असा कोसळला की गावंच्या गावं पाण्यात गेली, जनावरं दावणीला मेली, सोयाबीन रानातच सडलं. चिखल वाळायच्या आत माझ्या मोबाईलवर एक क्लिप आली. कुणी एक महाराज सांगत होते, पाप वाढलं की पंचमहाभूतं कोपतात. पाठवणारा माझा पुतण्या. पुण्यात इंजिनिअर आहे. खाली त्याने हात जोडल्याची तीन चित्रं टाकली होती.

हेच वाक्य मी याच जिल्ह्यात, ३२ वर्षांपूर्वी, १९९३ च्या भूकंपानंतर ऐकलं होतं. तेव्हा मात्र समोर बसलेल्या एका म्हातारीने सांगणाऱ्याला तिथल्या तिथे विचारलं होतं, ‘महाराज, माझा नातू सहा महिन्यांचा हुता. त्येनं कवा पाप केलं?’ महाराज पुढच्या गावाला निघून गेले. आज असं विचारणारं कुणी भेटत नाही, म्हणून हा मागोवा.

धाराशिवचा इतिहास म्हटलं की सगळे तेरपासून सुरुवात करतात, मीही करतो. पण थांबत नाही. तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, इथलं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायची आणि तिथून समुद्रापार. लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली पाहिलीत का? तिच्यासारखी दुसरी सापडली ती थेट इटलीत, पाँपेईच्या राखेखाली. पुढच्या शतकांबद्दल मला फारसं प्रेम नाही. चालुक्य आले, यादव आले, नळदुर्गला पाणीमहाल झाला, निजामाने शहराला आपलं नाव दिलं, १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो आणि २०२३ मध्ये नाव परत बदललं. या नावाच्या वादात जेवढी शाई गेली, तिच्या निम्मी जरी तेरच्या उत्खननावर गेली असती तर पोरांना काही शिकायला मिळालं असतं. असो.

मी जगलो ते दशक १९९३ पासूनचं. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं दमून झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ६.२ रिश्टर हा आकडा नंतर कळला. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं म्हणून भूकंपाला लातूरचं नाव पडलं. पण सास्तूर, पेठ सांगवी, होळी, राजेगाव ही आमच्या तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली गावंही तेवढीच भुईसपाट झाली होती. सरकारी हिशेबात सुमारे आठ हजार माणसं गेली.

ती मारली कुणी? आमच्या घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती, गोल गुंडे मातीत बसवलेले, दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दगड कुठेच नाही. वर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडाला त्यावर पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही. आजोबाने टाकली, बापाने टाकली, आपणही टाकली. पिढ्यान्‌पिढ्यांचं ते ओझं काही सेकंदांत अंगावर आलं. जेवढा वाडा मोठा, तेवढी भिंत जाड आणि तेवढी माणसं खाली. गावकुसाबाहेर कुडाच्या खोपटात राहणारे त्यामानाने वाचले. ज्यांना वाड्याच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं, त्यांनीच सकाळी वाड्यातले मुडदे उपसले. माणसाच्या स्वभावावर जाडजूड ग्रंथ वाचणाऱ्यांनी ती सकाळ एकदा पाहायला हवी होती.

स्वभावाचे सगळे नमुने तिथे होते. देशभरातून भाकरी, औषधं, तंबू घेऊन माणसं धावली. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं शिकायला नेली आणि ती शिकलीही. त्याच रस्त्यांवर जुन्या, फाटक्या कपड्यांचे ढीग कुजत पडले होते. त्या निमित्ताने लोकांनी आपली कपाटं साफ करून घेतली होती. ढिगाऱ्यातल्या बायांच्या अंगावरचे दागिने ओरबाडणारेही आले आणि नुसतं बघायला येणारे तर जत्रेसारखे आले. देव आणि राक्षस वेगवेगळ्या गावचे असतात हा माझा समज त्या आठवड्यात गेला.

मी तेव्हा ज्या दैनिकाला बातम्या पाठवायचो, त्याच्या संपादकांशी माझा जुना हिशेब आहे. बेसाल्ट, भेगा, भूकंपनकाशा यांवर मी लिहून पाठवलं. फोनवर उत्तर आलं, ‘भूगोल नको, डोळ्यांत पाणी आणा.’ दोन दिवसांनी पहिल्या पानावर कुठल्याशा ज्योतिषाचं भाकीत छापून आलं. माझा लेख छापला असता तर वाचकांना एक साधी गोष्ट कळली असती. दख्खनचं पठार स्थिर, भूकंपमुक्त, असं पुस्तकं सांगत होती आणि सरकारी नकाशात आमचा पट्टा झोन १ मध्ये, सर्वांत सुरक्षित, होता. १९६७ ला कोयना हलली तरी हा विश्वास हलला नाही. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात हादरे बसत होते, लोक घाबरून अर्ज करत होते, तेव्हाही नाही. पाप म्हणणारा महाराज आणि ‘इथे होणारच नाही’ म्हणणारा तज्ज्ञ, दोघांचाही आपल्या पोथीवर सारखाच विश्वास. पोथी बदलली ती २००२ मध्ये. झोन १ हा वर्गच काढून टाकला आणि आम्ही झोन ३ मध्ये आलो.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय त्याकडे येतो. भूकंपानंतर पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये लोकांनी दोन-अडीच वर्षं काढली. दिवसा पत्रा तापायचा, रात्री झोप नाही, घरात झोपायची भीती. मग रात्र रात्र बोलणं. त्या बोलण्यात जे प्रश्न निघाले, ते कुठल्या विद्यापीठात मी ऐकले नाहीत. माकणीच्या धरणाने हे झालं का? त्यावर शास्त्रज्ञांतच दोन तट होते. पुन्हा होईल का? देव आहे तर गणपती बुडवलेल्या रात्रीच का? १७५५ मध्ये लिस्बन शहर सर्व संतांच्या सणाला, लोक चर्चमध्ये असताना कोसळलं आणि त्या ढिगाऱ्यातून व्होल्तेअरने देवाला जाब विचारला. १९३४ ला बिहार हादरला तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. सास्तूरच्या शेडमध्ये व्होल्तेअर कुणी वाचला नव्हता, पण वाद तोच चालला होता आणि दोन्ही बाजूंनी घरातली माणसं गमावलेले लोक बोलत होते.

पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचा ३३८ मीटर आमचा ओळखीचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक. हे मी एका शेडमध्ये खडूने पत्र्यावर रेघा ओढून सांगत होतो. एक तात्या मांडीवर कुऱ्हाडीचा दांडा तासत बसले होते. हात थांबवून म्हणाले, ‘मंग सर, ह्यो काळा दगड वतला तवा मानूस कुठं हुता?’ नव्हता, म्हटलं. डायनासोर संपत आले होते. तात्यांनी थोडा वेळ विचार केला. ‘म्हंजी पाप करायलाबी कोन नव्हतं.’ आणि परत दांडा तासायला लागले. माणसाच्या उत्पत्तीवरचं याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही.

त्या दशकाची सगळ्यांत मोठी बातमी आली ती तेरहून, आणि तिची चौकट कुठल्याच पेपरात आली नाही. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी किल्लारी आणि तेर या दोन्ही ठिकाणच्या मातीचे थर तपासले. तेरमध्ये सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ मध्ये मांडला. म्हणजे ज्या तगरने रोमला कापड पुरवलं, ते तगर हलून गेलं होतं आणि त्याची एक ओवी, एक दंतकथाही उरली नाही. संत गोरोबा काका कुंभारांच्या या गावाने मडकी लक्षात ठेवली, भूकंप मात्र ते विसरलं.

विसरायला आम्हीही वेळ घेतला नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा उमरग्यात चमचे घेऊन रांगा लागल्या, त्यांत शेडमधली माणसंही होती. मी चिडलो होतो. पण त्यांतलेच दोघे-तिघे दुसऱ्या दिवशी गणपतीच्या मूर्तीऐवजी पाट्या-वरवंट्याला दूध पाजून बघत होते आणि वरवंटाही पीत होता. तेवढी जागा तेव्हा डोक्यात शिल्लक होती.

मग घरं आली. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नव्या जागी वसली. मृत्यूने सगळ्यांना एका मापात मोजलं होतं, सरकारने मात्र जमिनीच्या मापात मोजलं. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांवरच्याला ७५०. ज्याचा वाडा पडून तो मेला, त्याच्या वारसाला मोठं घर. शेडमध्ये शेजारी-शेजारी झोपलेली माणसं मापाप्रमाणे वेगळ्या गल्ल्यांत गेली. दारं लागली, टीव्ही आले, रात्रीचं बोलणं संपलं. मला कुणी विचारलं की प्रश्नांचं ते दशक कधी संपलं, तर मी म्हणतो, कुलपं आली तेव्हा.

त्यानंतर शेजारी लातूरचा पॅटर्न फोफावला. आमच्या गावागावांतली हुशार पोरं तिथे खोल्या घेऊन राहतात, विज्ञान पाठ करतात, नीटला सहाशेवर गुण घेतात. डॉक्टर होऊन येतात आणि दवाखान्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधतात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हापासून शाळांतून चमत्कारांची भांडाफोड करणारे प्रयोगही मला कमी झालेले दिसतात. २०२३ मध्ये केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात तो धडा पहिलाच आहे. पण ‘परीक्षेपुरता करा’ असं सांगून पानं उलटणारे शिक्षक मी डोळ्यांनी पाहिलेत. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीत जमीन हलली. त्या सकाळी ज्यांच्या घराला नव्याने वरचा मजला चढला होता, त्यांतल्या एकानेही गवंड्याला विचारलं नाही की भिंतीत काँक्रीटचा पट्टा कुठे आहे. क्लिप मात्र सगळ्यांनी पुढे पाठवल्या.

ज्यांचं वय आज पन्नाशीच्या पुढे आहे आणि जे शेडमध्ये राहिलेत, त्यांना एक विनंती. येत्या ३० सप्टेंबरला मेणबत्त्या लावून झाल्या की घरातल्या नातवंडांना घेऊन बसा. तेव्हा काय विचारत होतात ते सांगा. आणि घरावर मजला चढवायचा विचार असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. आपण झोन ३ मध्ये आहोत.