धनुर्धराचे भय आणि बिनघोड्याची कळ

कंपाउंड धनुष्याची प्रत्यंचा हातातील कळीने ओढतात आणि बहुधा घोडा दाबून सोडतात. मैदानी स्पर्धेत लक्ष्य 50 मीटरांवर. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 8 सेंटिमीटर व्यासाचे. ते दिसताच कित्येक निष्णात धनुर्धरांचे बोट आपोआप घोडा दाबते, तर कित्येकांचा नेम त्याच्या खालीच थिजतो. यापायी धनुष्य खुंटीला टांगणारेही थोडे नाहीत. यास भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होय. ती दृष्टी व बोट यांची जडलेली खोड आहे.

बिजागरीच्या कळीस घोडाच नसतो. पाठीचे स्नायू आवळत गेले म्हणजे ती हळूहळू फिरते आणि प्रत्यंचा अवचित निसटते. बोटास घाईचे निमित्त उरत नाही. मात्र मनगट मुद्दाम फिरवून हिलाही फसविता येते. म्हणून प्रथम कित्येक दिवस, चार पावलांवरील कोऱ्या गवती गठ्ठ्यावर, डोळे मिटून बाण सोडावेत. लक्ष्याचा कागद नंतर लावावा.