न पाहिलेल्या शिष्यांचे गुरू (लेखांक ६)

गेल्या लेखांकात गुरू आणि त्याच्यासमोर बसलेला शिष्य यांच्यातल्या ऋणाचा विचार केला. तो हिशेब तसा सोपा असतो. कोणी कोणाला काय दिले हे दोघांनाही ठाऊक असते. पण ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही त्यांच्यातले ऋण कोणाच्या खाती मांडायचे? ख्रिस्ती परंपरेपुढे हा प्रश्न पहिल्या शतकापासून आहे. पौलाने कलस्सैकरांना पत्र लिहिले तेव्हा त्या मंडळीने त्याला पाहिलेले नव्हते; त्यांना शिकवले होते एपफ्राने. मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध पुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे आहे. मात्र त्यांची गोष्ट गोव्यापासून सुरू केली, तर अर्धे ऋण सुरुवातीलाच सुटून जाते.

स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशरचे. एलिझाबेथ राणीच्या काळात तिथे कॅथलिक धर्म उघडपणे पाळणे धोक्याचे होते. थॉमस पाऊंड नावाच्या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाबरोबर ते त्याचा नोकर असल्याच्या बतावणीने वावरले, आणि दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात दाखल होण्याचे ठरवले. पाऊंड १५७४ साली पकडला गेला. त्याची पुढची सुमारे तीस वर्षे या ना त्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले, १५७५ मध्ये संघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरले. पाऊंडने ना गोवा पाहिला, ना मराठीचा एक शब्द ऐकला. १६१६ साली गोव्यात रायतूरला स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, त्याआधीच तो वारला होता. तरीही गोव्याच्या सासष्टी भागातल्या एखाद्या घरात त्या पुराणाची ओवी म्हटली गेली असेल, तर तिच्यामागे या कैद्याचा सहवास आहे असे मी मानतो. गुरूचा प्रभाव त्याच्या माहितीच्या परिघात मावत नाही, याहून स्पष्ट पुरावा मला सुचत नाही.

मात्र नुसता प्रभाव दूरवर जात नाही. तो वाहून नेणारे काहीतरी लागते, आणि स्टीफन्स यांच्या बाबतीत ते होते त्यांचे स्वतःचे शिकणे. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी जुळते असे त्यांनी नोंदवले आहे. पुढे त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले. ‘ख्रिस्तपुराणा’साठी त्यांनी ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, आणि फुलांत जशी मोगरी तशी भाषांत मराठी, असा तिचा गौरव केला. जवळपास अकरा हजार ओव्यांचे हे काम आहे. ग्रंथ देशी लिपीत छापता यावा म्हणून १६०८ साली त्यांनी रोमला विनंतीही केली. ती फळाला आली नाही आणि पुराण रोमन अक्षरांत निघाले. समोरच्याच्या भाषेचा शिष्य झालेला गुरूच परक्या पिढ्यांपर्यंत पोहोचतो. त्यांच्याविषयीच्या कृतज्ञतेचा खरा आधार मला इथे दिसतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोर्तुगीज सत्तेखालच्या गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) आले, सासष्टीतली देवळे पाडली गेली, लोकांची जुनी पुराणे त्यांच्यापासून तोडली गेली. त्या सत्तेच्या सावलीत लिहिणाऱ्याचे आभार मानणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे का? आभार मोघम असतील तर नक्कीच. म्हणून ते नेमके असावे लागतात: कशासाठी मानतो आणि कशासाठी मानत नाही, हे सांगणारे. ज्या राजवटीने १६८४ साली फर्मान काढून लोकांना तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लावायचे ठरवले, तिच्याच छायेत या माणसाने लोकांच्या भाषेत आयुष्यभराचे श्रम ओतले. एकाच्या अपराधाने दुसऱ्याचे श्रम पुसले जात नाहीत. श्रमांनी अपराधही धुतला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: ग्रंथ टिकला तो वाचणाऱ्यांमुळे, मग श्रेय लेखकाला का? यातला पूर्वार्ध अगदी खरा आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापल्या गेलेल्या या पुराणाची त्या आवृत्त्यांमधली एकही प्रत आज हाती नाही. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला नवी आवृत्ती काढली ती हस्तलिखितांवरून, म्हणजे गोव्यातून कानडी किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांत जपलेल्या, कोणा अनामिकांनी रात्री जागून उतरवलेल्या वह्यांवरून. पण श्रेय काही वाटणीची जमीन नव्हे की एकाला दिले म्हणजे दुसऱ्याचे कमी व्हावे. या नक्कलकारांना स्टीफन्स ठाऊक होते. स्टीफन्सना ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मुळात हे पुराण लिहिले गेले तेच एका मागणीवरून. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही सोडायला लावलीत, तर त्यांच्याजागी वाचायला आम्हांला काही का देत नाही? त्याचा प्रश्न स्टीफन्स यांनी ओव्यांत बांधून ठेवला आहे.