कानस चालवण्यापूर्वी

नेम चुकला की माणूस प्रथम बंदुकीला दोष देतो. बंदुकीला तोंड असले तरी उलट बोलता येत नाही, त्यामुळे हा आरोप सहसा खपून जातो. पण हा आरोप करण्याआधी किती गोष्टी तपासाव्या लागतात, हे मला एका परक्या गावच्या गृहस्थाने एका सकाळीत शिकवले.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर परगण्यात माझी मुलगी राहते. तिच्याकडे गेलो असताना डिसेंबरातल्या एका सकाळी तिचे शेजारी मला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. वयाने ते माझ्याच बरोबरीचे. आयुष्यभर सुतारकाम केलेले. त्यांच्या हाती जवळजवळ छातीपर्यंत पोहोचणारी एक लांब रायफल होती. आपल्या कोकणात जिला ठासणीची बंदूक म्हणतात, त्याच जातीची; दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची. फरक एवढाच, की ही चकमकीवर पेटणारी आणि नळीच्या आत पीळदार आटे असलेली. जर्मनी आणि स्वित्झर्लंडहून येऊन या भागात वसलेल्या कारागिरांनी अठराव्या शतकात ही लांब रायफल घडवली. गृहस्थांची बंदूक त्याच घाटाची, पण नवी होती.

त्या राज्यात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो आणि तो चकमकीच्या बंदुकांसाठीच राखलेला असतो. १९७४ पासूनचा हा रिवाज. शिकार करावी की नाही, हा वाद मी इथे काढत नाही. पण या बंदुकीत एकदा बार काढला की दुसरा भरायला अर्धा-पाऊण मिनिट सहज जाते. पहिली गोळी चार बोटे चुकली, तर पोटात शिसे घेऊन ते जनावर रानात नाहीसे होते आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरते. गृहस्थ म्हणाले, “गोळी कुठे लागते हे ठाऊक नसताना रानात जायचा मला हक्क नाही.” म्हणून तर ते मैदानावर आले होते.

पन्नास यार्डांवर कागद लावून त्यांनी पाच बार काढले. भोके जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली होती, पण बहुतेक खाली आणि डावीकडे. मला वाटले, आता ते खिशातली कानस काढणार. त्यांनी काढले ते एक ओले फडके.

काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर न होता घन मळीच्या रूपात उरतो. ती नळीत साचली की प्रत्येक गोळी आधीच्या गोळीपेक्षा वेगळ्या वाटेने जाते. म्हणून दर बारानंतर नळी पुसायची. दारू मापाने, तीच आणि तेवढीच. मापात वाढघट झाली की गोळीची जागाही हलते. गोळी ज्या तेलकट चिंधीत गुंडाळून ठासायची, तिची जाडी तीच. अर्ध्या इंचाच्या नळीला त्यांची गोळी ०.४९ इंचाची होती. उरलेली फट चिंधी भरून काढते आणि आट्यांचा पीळ गोळीला देते. चिंधी बदलली की सारा हिशेब बदलला.

मग राहिला माणूस. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गार पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर पडतात, ते डोळ्यांसमोर भडकते आणि कानातून आग आत जाऊन मुख्य दारू पेटते. हे सारे क्षणार्धात होते. पण तेवढ्या वेळात डोळा मिटतो, खांदा दचकतो. गृहस्थांनी गारेच्या जागी लाकडाचा तुकडा बसवला आणि रिकाम्या बंदुकीचा चाप दहा-बारा वेळा ओढला. घोडा पडत होता, ठिणगी नव्हती. माशी मात्र दोनदा हलली. “पाहा,” ते म्हणाले, “हा माझा दोष. याला कानस लागत नाही.”

मला आमची बँक आठवली. सहामाहीअखेर तेरीज जुळत नसे, तेव्हा नवा कारकून शेवटच्या बेरजेत फरकाचा आकडा घुसडून घरी जायला उत्सुक असे. मी स्वतः एकदा तसे केले होते. फरक तेवढ्यापुरता मिटला; मूळ चूक मात्र दुसऱ्याच खात्यात बसून राहिली आणि ती शोधायला आम्हाला पुढे आठ रात्री जागावे लागले. बेरीज दुरुस्त केली म्हणजे खाते दुरुस्त होत नाही.

दुपारी पुन्हा पाच बार झाले. आता भोके तळहातात मावतील एवढी जवळ आली होती; मध्यापासून तीन इंच खाली आणि दोन इंच डावीकडे. “आता ही बंदुकीची चूक,” गृहस्थ म्हणाले. विखुरलेल्या भोकांना दुरुस्ती नसते. एका जागी पडलेल्यांनाच असते.

पुढचे गणित त्रैराशिकाचे. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात ३६ इंच अंतर. पन्नास यार्ड म्हणजे १,८०० इंच. म्हणजे पन्नास पट. खाचेत किंवा माशीत जेवढा बदल, त्याच्या पन्नासपट तो कागदावर दिसणार. तीन इंचांसाठी ०.०६ इंच, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. गोळी खाली लागत असेल तर माशी घासून बुटकी करायची. ती खाचेच्या रेषेत आणताना नळीचे तोंड आपोआप वर उचलले जाते. गोळी जिकडे जायला हवी तिकडे मागची खाच सरकवायची. इथे उजवीकडे, सुमारे एक मिलिमीटर. खाच आडव्या खोबणीत घट्ट बसवलेली असते. ती पितळी तुकडा टेकवून हलक्या हातोडीने ठोकायची. पुढची माशी सरकवायची झाली तर दिशा नेमकी उलटी.

खाच परत सरकवता येते. घासलेली माशी परत वाढत नाही. फार घासली तर ती काढून नवी बसवावी लागते. म्हणूनच जाणते कारागीर ती मुद्दाम उंच ठेवून देतात, बंदूक सुरुवातीला खालीच मारू देतात. गृहस्थांनी हिशेबाच्या निम्मेच घासले, पुन्हा बार काढले, पुन्हा थोडे घासले. ऊन चांदीच्या माशीवर चमकू लागले तेव्हा थांबले. चमकत्या कडेला डोळा फसतो. उरलेले काम दुसऱ्या दिवशी ढगाळ हवेत केले. शेवटची पाच भोके मध्याभोवती बसली.

मी परत आल्यावर जानेवारीत मुलीचा फोन आला. शेजारी रानात गेले होते. संध्याकाळी हरीण दिसले, पण ते ऐंशी-नव्वद यार्डांवर होते आणि त्यांनी बंदूक पन्नासवर लावलेली. ते जवळ येईल म्हणून वाट पाहिली. ते आले नाही. अंधार पडल्यावर त्यांनी वाटीतले रंजक झटकून टाकले आणि ते घरी आले.