एका घराची तेहतीस कामं

सकाळी 9.00
सांगलीत घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कामांचं वेळापत्रक सांभाळते. आज बारा घरांची कामं चालू आहेत. छतं वेगळी, माणसं वेगळी, पण क्रम तोच : पाहणी, अर्ज, साहित्य, सांगाडा, पॅनेल, वायरिंग, अर्थिंग, नेट मीटर, शेवटी अनुदान. त्यामुळे दर घरासाठी कोरी यादी करत बसत नाही. कामांची नोंद ठेवणाऱ्या 'असाना' या ॲपमध्ये 33 कामांचा एक साचा केला आहे, त्याची प्रत काढते.

9.30
विश्रामबागेतलं नवं घर. प्रत काढून सुरुवातीची तारीख टाकली की पुढच्या तारखा आपोआप पडतात, कारण साच्यात तारखा लिहिलेल्याच नाहीत, अंतरं लिहिली आहेत : साहित्याची मागणी चौथ्या दिवशी, सांगाडा नवव्या दिवशी. माणसांची नावंही नाहीत. तिथे 'फिटर', 'वायरमन' एवढंच आहे. कोण मोकळं आहे ते पाहून नाव आज भरायचं. साच्यात नाव लिहून ठेवलं, की रजेवर गेलेल्या माणसाच्या खात्यावर कामं साचत राहतात.

10.15
यादीतली पहिली ओळ : वीजबिलावरचं, आधारवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे ना? विश्रामबागेच्या घरातल्या काकूंना फोन करून तिन्हींचे फोटो मागवले.
ही ओळ मिरजेच्या एका घरानं शिकवली. बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होतं, खातं मुलाचं. मी ते पाहिलंच नाही. पॅनेल चढले, मीटर लागला आणि अनुदान अडकलं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात. त्या घरानं ते हिशेबात धरून कर्ज काढलं होतं. नाव बदलून सगळं मार्गी लागायला चार महिने गेले. चूक माझी होती. त्याच आठवड्यात ही ओळ साच्यात सगळ्यात वर गेली आणि तेव्हापासून एकाही घराला तो त्रास झालेला नाही.

दुपारी 12.00
फिटरदादांचा फोन : "ताई, हितं स्लॅब न्हाई, पत्रा हाय. काँक्रीटच्या पायाची ओळ काढून टाका." पूर्वी स्लॅबचा, पत्र्याचा, दुकानाचा, सोसायटीचा असे सात साचे होते. एकात सुधारणा केली की बाकीचे सहा तसेच राहायचे. आता मूळ साचा एकच. पत्र्यासाठी पाच ओळींची जोडयादी वेगळी ठेवली आहे. ती जोडली, काम पुढे सरकलं.

3.00
कुपवाडहून वायरमनकाकांचा फोटो आला. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत : डीसीचा, एसीचा आणि वीजरोधकाचा. फोटोत अर्थ टेस्टरवर 3.8 ओहम दिसतंय. आमची मर्यादा 5. साच्यात फक्त 'अर्थिंग करणे' लिहिलेलं होतं तेव्हा खूण व्हायची, पण खात्री नसायची. आता ओळ अशी आहे : 'तिन्ही खड्ड्यांची मोजणी, टेस्टरच्या आकड्यासह फोटो'. वाचल्याबरोबर काय करायचं ते कळलं पाहिजे, अशी ओळ लिहावी.

4.30
काल साच्यात एक ओळ वाढवली : इन्व्हर्टर भिंतीवर लावण्याआधी त्याच्या सीरियल नंबरचा फोटो. पण साचा बदलला म्हणून आधी काढलेल्या प्रती बदलत नाहीत. बाराही घरं एकेक करून उघडली. आठ घरांचे इन्व्हर्टर अजून लागायचे होते, तिथे ओळ हातानं घातली. वीस मिनिटं गेली. हे विसरलं तर सुधारणा फक्त पुढच्या गिऱ्हाइकाला मिळते, आजच्याला नाही.

6.00
माधवनगरचं घर पूर्ण झालं, अनुदान खात्यात जमा झालं. यादी बंद करण्याआधी फिटरदादा, वायरमनकाका आणि मी पंधरा मिनिटं बसतो. कुठलं काम यादीबाहेरून करावं लागलं? कुठल्या ओळीचा कधीच उपयोग होत नाही? कुठली तारीख चुकली आणि का? आज नेट मीटरच्या तपासणीसाठी धरलेलं अंतर दोन दिवसांनी वाढवलं आणि एक ओळ काढली.
काढणंही तितकंच गरजेचं. एकेकाळी आमची यादी 51 कामांची होती आणि माणसं न वाचताच खुणा करायची. शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी आणली, तिच्यात 19 बाबी आहेत. माणसाचा जीव जिथे पणाला लागतो तिथे 19 पुरतात, तर छतावरच्या कामाला 51 कशाला?

7.00
संगणक बंद. साचा करायला मला एक दुपार लागली होती. तो खरा ठेवायला दर घरामागे पंधरा मिनिटं लागतात. तुम्ही लग्नं पार पाडत असा, घरं रंगवत असा किंवा दिवाळी अंक काढत असा, एक काम संपलं की लगेच पुढच्याची प्रत काढू नका. आधी या कामानं जे शिकवलं ते साच्यात लिहा.