धडधाकट कोंबड्या का मारतात?

फेब्रुवारी २०२२मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या. मग एक किलोमीटर परिसरातल्या धडधाकट कोंबड्याही मारल्या. का?

या एच५एन१ची वंशावळ १९९६च्या चीनमधल्या ग्वांगडाँगपर्यंत जाते. एका पक्ष्यात तो फार दिवस राहत नाही; त्याला सतत नवा पक्षी लागतो. रानबदकं बरेचदा आजारी न पडता तो आतड्यात घेऊन देशोदेशी फिरतात. विष्ठेतून तो तळ्यात उतरतो, थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. उन्हात मात्र लवकर मरतो. पुढे गावोगावी त्याला आपणच पोचवतो: पिंजऱ्यांतून, टेम्पोतून, चपलांच्या घाणीतून. म्हणून जवळपासचे पक्षी काढून साखळी तोडावी लागते.

डोंबिवलीत चिकन खाताय? आतपर्यंत ७० अंशांवर शिजलं की बिनधास्त खा. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.