स्क्रूज सुधारला, पण त्याचा हिशेब?

मागच्या वेळी आपण व्हिक्टोरियन कादंबरीची तोंडओळख करून घेतली. त्यानंतर मुलुंडच्या एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवून विचारलं, की डिकन्सचा तो चिक्कू म्हातारा एका रात्रीत सुधारतो हे तुम्हाला खरंच पटतं का? प्रश्न रास्त आहे. आज आम्ही त्यालाच धरून बोलणार आहोत. त्यासाठी लंडनहून पुणे-नगरच्या दुष्काळात जावं लागेल आणि शेवटी आपल्या पगाराच्या स्लिपपर्यंत यावं लागेल.

'अ ख्रिसमस कॅरल' 19 डिसेंबर 1843 रोजी प्रसिद्ध झालं. गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. स्क्रूज नावाचा म्हातारा पेढीवाला, त्याचा कारकून बॉब क्रॅचिट, आठवड्याला पंधरा शिलिंग पगार. नाताळच्या आदल्या रात्री मेलेल्या भागीदाराचं भूत येतं, मागोमाग आणखी तीन भुतं येतात, आणि सकाळी म्हातारा वेगळाच माणूस होऊन उठतो.

आता चिक्कू माणूस आपल्याला नवा नाही. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी माणसं प्रत्येक चाळीत एक तरी असायची. आचार्य अत्र्यांनी 1950 साली मोलिएरच्या नाटकावरून 'कवडीचुंबक' लिहिलं आणि मराठी प्रेक्षक पोट धरून हसला. पण मोलिएरचा कंजूष सुधारत नाही. त्याला त्याची पैशांची पेटी परत मिळते आणि तो खूश होतो. कंजूषपणा हा तिथं माणसाचा स्वभाव आहे, आणि स्वभावाला औषध नसतं, म्हणून आपण हसतो.

डिकन्सचं तसं नाही. स्क्रूजकडे दोन गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात, तो प्रसंग नीट वाचा. तो नुसतं नाही म्हणत नाही, कारणं देतो. तुरुंग आहेत, वर्कहाउस आहेत, त्यासाठी कर भरतोच की. आणि तिथं जाण्यापेक्षा मेलेलं बरं असं कुणाला वाटत असेल, तर मरू देत, जादा लोकसंख्या तेवढीच कमी होईल! हा एका खडूस म्हाताऱ्याचा तिरसटपणा नव्हे. हे त्या काळातलं शिकलेल्या लोकांचं अर्थशास्त्र आहे. माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध 1798 चा. अन्न वाढतं त्यापेक्षा माणसं झपाट्यानं वाढतात, मदत केली की आणखी वाढतात, असा त्याचा रोख. 1834 चा गरिबांविषयीचा कायदा याच वातावरणात झाला. वर्कहाउसमधलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असलं पाहिजे, म्हणजे उगाच कुणी यायचं नाही, हे त्याचं तत्त्व. नवरा, बायको, मुलं यांना आत वेगवेगळं ठेवत.

डिकन्सला हे ऐकीव नव्हतं. 1824 मध्ये बाप कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेला, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. 1843 मध्ये बालमजुरीवरचा सरकारी अहवाल वाचून तो अस्वस्थ झाला. आधी एक पत्रक काढायचं त्याच्या मनात होतं. मग त्याने ठरवलं की गोष्टच लिहू. पत्रक आज कुणी वाचलं असतं का? आम्हाला शंका आहे.

पण गोष्टीची एक उणीव आम्हाला कायम खटकते. सुधारलेला स्क्रूज काय काय करतो? क्रॅचिटच्या घरी मोठी टर्की पाठवतो, त्याचा पगार वाढवतो, देणगी देतो. सगळं छान. मात्र चौथ्या भागात एक तरुण जोडपं आहे, स्क्रूजचं कर्जदार. धनको मेला हे कळल्यावर बायकोला बरं वाटतं, आणि तसं वाटल्याचा तिला पश्चात्तापही होतो. त्या जोडप्याच्या कर्जाचं पुढे काय झालं? डिकन्स सांगत नाही. मन बदललं, पण वही तशीच राहिली का?

आपल्याकडे नेमका या वहीचाच प्रश्न आला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. रोख जास्त करून कर्जरोख्यांवर होता. कागद बाहेर काढायचे आणि जाळायचे. सावकार मुख्यतः गुजराती आणि मारवाडी, म्हणून जातीवरून शिव्या देणं सोपं होतं, आजही सोपं वाटतं. पण सारा रोखीत भरायचा, तोही ठरल्या तारखेला. कोर्ट कागद बघून निकाल देणार, आणि अंगठा उठवणाऱ्याला त्यातलं वाचता येत नाही. अशा व्यवस्थेत सावकार मनाने चांगला की वाईट, यानं फारसा फरक पडत नव्हता. 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, तो या आगीनंतर.

मधे 1876-78 चा दुष्काळ येऊन गेला. इथं आम्हाला एका साहेबाची गोष्ट सांगायची आहे, कारण ती स्क्रूजच्या बरोब्बर उलट आहे. सर रिचर्ड टेंपल. 1874 च्या बिहारच्या दुष्काळात सरकारनं ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणवला. त्या मदतकार्याची सूत्रं टेंपलकडे होती, आणि भूकबळी अगदी थोडे पडले. शाबासकी मिळायला हवी होती ना? त्याला उधळ्या ठरवण्यात आलं. इतका पैसा खर्च करून माणसं जगवायची गरजच काय, असा टीकेचा सूर होता.

साहेबांनी धडा घेतला. 1877 च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनच्या वतीनं ते मद्रास आणि मुंबई इलाख्यात आले, ते खर्च आवळायलाच. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाया-पोरांना त्याहून कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या धान्यात कष्टकरी माणूस जगत नाही असं बजावलं. आपल्या बाजूला हजारो मजुरांनी कामं सोडली. उपाशी माणसांचा संप होता तो. सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सत्यशोधक समाजानं उपाशी मुलांसाठी धनकवडीला आश्रम काढला. त्याचं नाव काय, तर व्हिक्टोरिया बालाश्रम. आणि टेंपलसाहेब? त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

टेंपल मुळात क्रूर होता, असं आम्ही म्हणणार नाही. बिहारमध्ये त्यानं माणसं जगवली होती. तो शिकला हेलीबरी कॉलेजात, कंपनीचे अधिकारी जिथं तयार होत तिथं. त्याच कॉलेजात माल्थसनं 1805 पासून मरेपर्यंत अर्थशास्त्र शिकवलं होतं. टेंपल जाण्याआधीच माल्थस वारला, म्हणजे प्रत्यक्ष गुरुशिष्य नाहीत. पण स्क्रूजच्या तोंडचं ते जादा लोकसंख्येचं वाक्य कुठून कुठे गेलं, त्याची वाट या कॉलेजावरून जाते. स्क्रूजला भुतांनी चांगला केला, टेंपलला वरिष्ठांनी आणि वर्तमानपत्रांनी काटकसरी केला.

म्हणून चिठ्ठी पाठवणाऱ्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं: एका रात्रीत माणूस बदलतो हे आम्हाला पटतं. माणसं बदलतात, दोन्ही दिशांना. पण मजुराला किती धान्य, हे साहेबाच्या मनावर सोडलं की काय होतं ते दख्खननं पाहिलं आहे.

टेंपलच्या त्या मजुरीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1977 साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला. योजना 1972 च्या दुष्काळापासून चालू होती. तिच्यामागे वि. स. पागे यांचा ध्यास होता. कायद्यानं फरक एवढाच केला, की काम मागणं हा हक्क झाला, कुणाच्या दयेचा भाग राहिला नाही. अंमलबजावणीतल्या तक्रारी भरपूर आहेत, त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

पैसा कुठून आणला? मोठा वाटा शहरातल्या नोकरदारांकडून. 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला तो यासाठीच. बोरिवली, घाटकोपर, अंधेरीहून सकाळची लोकल पकडून फोर्टात खर्डेघाशी करणारे आपले बॉब क्रॅचिट आहेत ना, त्यांच्या पगारातून तो कापला जाऊ लागला. आजही बहुतेकांचे महिन्याला 200 रुपये जातात, फेब्रुवारीत 300. घरी गेल्यावर स्लिप काढून बघा, 'पी.टी.' म्हणून ओळ असेल.

पुढच्या वेळी जॉर्ज एलियटचा विणकर, सायलस मार्नर. त्याची सोन्याची मोहरा चोरीला जातात आणि चुलीपुढे एक मूल सापडतं. जमलं तर वाचून या.