वजनकाट्याला शिक्का आहे, आज्ञावलीला कोणता?

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकच्या शेतकऱ्याचा दिवस मापाने उजाडतो आणि मापानेच मावळतो. पहाटे दूध संकलन केंद्रावर किटली रिकामी होते, फॅटचा आकडा लागतो व त्यावरून दर ठरतो. कांदा-बटाटा मंचरच्या बाजारात गेला की काटा बोलतो. हंगामात ऊस तोडला की गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी राहते. वर्षभराचे कष्ट अखेरीस एका आकड्यात उतरतात. त्या आकड्यावर विश्वास असेल तरच गावाचा व्यवहार सुरळीत चालतो.

हा विश्वास आपोआप निर्माण झालेला नाही. दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत गर्बर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १८९१ साली शोधून काढली, तोपर्यंत पाणी घालणारा आणि न घालणारा यांच्यात फरक करण्याचे खात्रीचे साधन गवळीवाड्यात नव्हते. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली, शेर-पायलीचा गोंधळ संपला आणि मापावर सरकारी शिक्का आला. आज २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा लागू आहे. काटा ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर तो व्यापारात वापरता येत नाही. अचूक माप ही दुर्बलाची ढाल आहे, हे तत्त्व समाजाने अशा रीतीने मान्य केलेले आहे.

परंतु गेल्या काही दशकांत माप आणि मोबदला यांच्यामध्ये तिसरा कोणी येऊन बसला आहे. काट्याने दाखविलेले वजन संगणकात जाते. तेथे दरपत्रक लागते, कपाती वजा होतात, नाव व खाते क्रमांक जुळविले जातात आणि रक्कम बँकेकडे रवाना होते. हे सर्व काम आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते, पार पाडते. लोखंडी काट्यावर शिक्का आहे. त्याच्यापुढचा सारा हिशेब करणाऱ्या आज्ञावलीवर मात्र कोणाचाही शिक्का नाही. तिची गुणवत्ता कोणत्या मापाने मोजावयाची, हा प्रश्न ज्यांनी आयुष्याचा विषय केला अशा अभ्यासकांचे नावही सामान्य माणसाच्या कानावर येत नाही.

यंत्र चुकते, शिक्षा माणसाला

हा प्रश्न केवळ पंडिती नाही. इंग्लंडमधील टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसविली. प्रणाली तूट दाखवू लागली आणि खेड्यापाड्यांतील उप-डाकपालांवर अपहाराचे खटले भरले गेले. पुढील सोळा वर्षांत नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घरदार विकून न झालेली तूट भरून दिली. संगणक बरोबरच चालत असला पाहिजे, असे तेथील न्यायव्यवस्था गृहीत धरीत होती. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोपर्यंत कित्येक आरोपी हे जग सोडून गेलेले होते.

महाराष्ट्रालाही या प्रकाराची झळ लागलेली आहे. २०१७ च्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांकडून संगणकावर अर्ज भरून घेण्यात आले. दिवाळीच्या तोंडावर वाटपाचा आरंभ झाला. पण अर्जातील माहिती आणि बँकांकडील माहिती यांचा मेळ बसेना. याद्या पुनःपुन्हा तपासाव्या लागल्या आणि पात्र असलेल्या अनेकांची रक्कम लांबली. येथे कोणी तुरुंगात गेले नाही, हे खरे. परंतु ‘संगणकात नाव येत नाही’ हे उत्तर घेऊन बँकेच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला दाद मागावयाची तरी कोणाकडे, हे ठाऊक नव्हते. काट्याविरुद्ध तक्रार करता येते. आज्ञावलीविरुद्ध तक्रार करण्यासाठी दोष कोठे आहे हेच प्रथम सिद्ध करावे लागते.

पन्नास वर्षांची विद्या

दोष मोजण्याची विद्या मात्र आता बाल्यावस्थेत राहिलेली नाही. १९६८ साली पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत आज्ञावली-रचना ही अभियांत्रिकीची शाखा मानली जावी, असा विचार पुढे आला. १९७६ साली टॉमस मॅकेब यांनी आज्ञावलीतील गुंतागुंत अंकात मांडण्याची रीत सांगितली. दूधदराचेच उदाहरण घेतले तर ती सहज समजते. दूध गाईचे की म्हशीचे, फॅट ठरलेल्या मर्यादेच्या वर की खाली, सभासद की बिगरसभासद, असे तीन निर्णय एकापुढे एक असतील तर मॅकेब यांच्या मापाने गुंतागुंत चार भरते आणि हिशेबाच्या वाटा आठ होतात. आठांपैकी पाचच वाटा तपासल्या, तर उरलेल्या तीन वाटांवरील गवळ्यांचे काय, हे कोणीच सांगू शकत नाही.

पुढे १९७७ मध्ये मॉरिस हॉलस्टेड यांनी, १९७९ मध्ये ॲलन आल्ब्रेक्ट यांनी आपापली मापे मांडली. १९९४ साली श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी नव्या धर्तीच्या आज्ञावल्यांसाठी सहा मापांचा संच दिला. तो आज जगभर शिकविला जातो. नॉर्मन फेंटन यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच सुमारास एक मूलभूत इशारा दिला: आकडा मिळाला म्हणजे मापन झाले असे नव्हे. ज्या गुणाचे माप घ्यावयाचे तो गुण वाढला तर आकडा वाढला पाहिजे, घटला तर घटला पाहिजे; अन्यथा तो आकडा शोभेचा.

ही कामे सवडीने होणारी नव्हेत. मुंबईच्या आयआयटीतून १९६८ साली पदवी घेतलेले किशोर त्रिवेदी १९७५ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात गेले आणि संगणकप्रणालींच्या विश्वसनीयतेचा अभ्यास त्यांनी पुढे दशकानुदशके केला. दीर्घकाळ अखंड चालणारी आज्ञावली हळूहळू थकते, तिचे ‘वार्धक्य’ मोजता येते आणि वेळीच विश्रांती देऊन तिला तरुण करता येते, या विचाराला गणिती बैठक देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रातही या विद्येची परंपरा आहे. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन केंद्र उभे राहिले. आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता तिच्यातील दोष हुडकणारी साधने तेथे तयार झाली. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मुंबईची आयआयटी यांनी नियंत्रक आज्ञावल्यांची गणिताने सिद्धता तपासण्याच्या कामात हात मिळविले. अणुभट्टीच्या बाबतीत अशी काळजी घेतली जाते, ती योग्यच आहे. दुधाच्या हिशेबाला मात्र त्या काळजीचा शतांशही वाट्याला येत नाही.

मोजणाऱ्याचेच चुकीचे माप

अवसरी बुद्रुकच्या शेजारी, अवसरी खुर्दला, २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय उभे आहे. तेथे संगणक अभियांत्रिकीची शाखा आहे आणि महाविद्यालयाच्या नावातच ‘संशोधन’ हा शब्द आहे. अशा ठिकाणी एखाद्या तरुण अध्यापकाने आज्ञावलीची गुणवत्ता हा विषय घेऊन आयुष्य घालवावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते?

पहिली अडचण सामग्रीची. दोष मोजावयाचे तर दोषांची नोंद हवी. कंपन्या ती देत नाहीत. सरकारी कामे करणारे कंत्राटदारही देत नाहीत. मग अभ्यासक अमेरिकेच्या नासा संस्थेने खुल्या केलेल्या जुन्या नोंदींकडे वळतो. जगभरातील शेकडो निबंध त्याच नोंदींवर बेतलेले आहेत आणि आपल्याकडील विद्यार्थीही त्यांच्यावरच पदव्या मिळवीत आले. २०१३ साली मार्टिन शेपर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांत पुनरुक्ती आणि परस्परविसंगती असल्याचे दाखवून दिले. अंतराळयानाच्या आज्ञावलीतील जुने दोष आपण पुन्हा पुन्हा मोजतो आणि महाविद्यालयाच्या वेशीवरील दूध केंद्राच्या आज्ञावलीत किती दोष आहेत हे कोणी पाहत नाही. संशोधनाची यापेक्षा मोठी विटंबना ती कोणती?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांसाठी गुणांकन पद्धती आणली आणि निबंधांच्या संख्येला भाव आला. मापाची विद्या शिकविणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र नेमक्या त्याच चुकीच्या मापाने मोजले जाऊ लागले, जिच्याविषयी त्याचे शास्त्र सावध करीत असते. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत आलेल्या व अन्य सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. मापे बदलली, परंतु एका प्रश्नावर दहा वर्षे शांतपणे काम करणाऱ्याला दहा निबंध छापणाऱ्यापेक्षा अधिक मान मिळेल, अशी व्यवस्था अद्याप उभी राहिलेली नाही.

काय करता येईल

यावर कोणी म्हणेल की, ग्रामीण महाविद्यालयाकडून अशी अपेक्षा धरणे अवास्तव आहे. तेथे अध्यापकांच्या बदल्या होतात, पदे रिकामी राहतात, प्रयोगशाळा तुटपुंज्या असतात. आक्षेप खोटा नाही. पण या विषयाला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. एक संगणक, एक नोंदवही, चिकाटी आणि शेजाऱ्याचा विश्वास एवढे भांडवल पुरते. विश्वासाच्या बाबतीत तर अवसरीसारखे ठिकाण महानगरापेक्षा सरस आहे. येथील विद्यार्थ्यांच्या घरचेच दूध त्या केंद्रावर जाते आणि त्यांच्याच वडिलांचा ऊस त्या काट्यावर उतरतो. प्रश्न कोठे बोचतो हे त्यांना ग्रंथातून शिकावे लागत नाही.

शासनाने दोन गोष्टी कराव्यात. सार्वजनिक पैशातून जी आज्ञावली विकत घेतली जाते तिच्या दोषांची नोंदवही सार्वजनिक असावी: दोष कोणता, कधी कळला, किती दिवसांत दुरुस्त झाला, पुन्हा उद्भवला काय. नागरिकांची खासगी माहिती वगळून हे सहज करता येईल आणि कंत्राटातच ही अट घालता येईल. दुसरे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांना आपल्या परिसरातील अशा प्रणाली तपासण्याचा अधिकार द्यावा आणि ते काम अध्यापकाच्या पदोन्नतीत निबंधाइतकेच मोलाचे मानावे. एका सहकारी संस्थेच्या हिशेबातील सिद्ध झालेला दोष हा दुर्लक्षित नियतकालिकातील निबंधापेक्षा निश्चितच मोठा शोध आहे.

सहकारी संस्थांनीही यात कमीपणा मानू नये. ज्याचा काटा खरा असतो तो शिक्क्याला भीत नाही. उलट शिक्का त्याच्या सचोटीची साक्ष देतो. आज्ञावलीची तपासणीही तशीच साक्ष देईल आणि एखादा दोष निघालाच तर तो खटल्यापूर्वी निघेल.

गर्बरचे नाव अवसरीच्या गवळ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही त्याच्या दुधाला सव्वाशेहून अधिक वर्षे थोडाफार न्याय मिळत आला, तो कोण्या एका अभ्यासकाने आपले आयुष्य मापाच्या प्रश्नाला वाहिले म्हणून. त्या दुधाचा हिशेब आता संगणक करतो. तेथेही तसाच न्याय हवा असेल, तर मापाला आयुष्य वाहणारी माणसे पुन्हा लागतील, आणि ती घडविण्याची जागा अवसरीपासून फार लांब शोधावी लागणार नाही.